इमेज आहे, पण परत टाकता येईल का?

हार्डडिस्कची इमेज घेणं अलीकडे इतकं सोपं झालंय की ती घेतली म्हणजे आपण सुटलो असं वाटतं. सॉफ्टवेअर उघडलं, मूळ डिस्क निवडली, बाहेरची डिस्क निवडली, ‘नेक्स्ट’ दाबत गेलो आणि तासाभरात हिरवी खूण आली. पुढे कधीतरी डिस्क उडते आणि पडद्यावर भलतंच काही येतं: फाइल ओळखता येत नाही, डिस्क सापडत नाही, जागा अपुरी आहे, बूट करण्याजोगं काही मिळालं नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या निमित्ताने ज्यांनी जुनं यंत्र नव्या एसएसडीवर नेण्याचा खटाटोप केला, त्यांतल्या बऱ्याच जणांची या संदेशांशी ओळख झाली असेल.

नुसते फोटो आणि हिशेबाच्या फाइली वाचवायच्या असतील तर इमेजची गरज नाही. त्या कॉपी करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या की झालं. इमेज लागते ती जिथे यंत्राची मांडणीच मोलाची असते तिथे. एखाद्या डीटीपी सेंटरमधला जुना कॉम्प्युटर घ्या. त्यावर पेजमेकर, श्रीलिपी, डोंगलचा ड्रायव्हर आणि आता बाजारात न मिळणाऱ्या प्रिंटरची सेटिंग्ज असतात. सीडी हरवलेली असते आणि सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने दुकान बंद केलेलं असतं. अशा ठिकाणी अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलून ठेवण्याला पर्याय नसतो. म्हणूनच तिथे इमेज फसली तर नुकसानही जास्त होतं.

एरर आला की बहुतेक जण तेच बटण पुन्हा दाबतात. त्याआधी एक गोष्ट ठरवावी: अडलं कुठे? मूळ डिस्क वाचताना, इमेज लिहिताना, की लिहिलेली इमेज समजून घेताना? या तिन्ही ठिकाणचे बिघाड वेगळे असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे. संदेशाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. क्लोनझिलासारख्या सॉफ्टवेअरमध्ये काम थांबल्यावर लॉग फाइल उघडून शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचा. पडद्यावरचं वाक्य मोघम असतं. नेमकं कारण बहुधा लॉगमध्येच मिळतं.

वाचतानाच अडलं तर

‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ किंवा ‘आय-ओ डिव्हाइस एरर’ असे शब्द दिसले की सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलत बसू नका. डिस्कच्या काही सेक्टरवरचं लिखाण वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. ०५ क्रमांकावर बदलून टाकलेल्या सेक्टरांची नोंद असते आणि सी५ वर वाचता न आलेल्या, निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची. हे दोन आकडे वाढत असतील तर डिस्क चालली आहे असं समजा. मात्र फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा तिच्या जोडणीचा असतो. साटाची केबल बदला, पुन्हा चालवा आणि आकडा तिथेच थांबतो का ते पाहा.

इथे एक सल्ला सर्रास दिला जातो: ‘आधी चेकडिस्क मारा, मग इमेज घ्या.’ डिस्क धडधाकट असेल आणि फक्त फाइल सिस्टीममध्ये गोंधळ असेल तर हा सल्ला बरोबर आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर मात्र तो घातक ठरतो. चेकडिस्क सगळी डिस्क खरवडतं, दुरुस्ती म्हणून नव्या नोंदी लिहितं आणि ज्या फाइली अजून वाचता आल्या असत्या त्यांचे तुकडे करून ठेवू शकतं. अशा डिस्कसाठी लिनक्सवर चालणारं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागा शेवटी पुन्हा पुन्हा तपासतं. कुठपर्यंत काम झालं हे ते एका मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. आज्ञेत या मॅपफाइलचं नाव द्यायला विसरू नका. ती नसेल तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. दुरुस्तीचे सगळे प्रयोग मूळ डिस्कवर न करता उचललेल्या प्रतीवर करा.

हे काम कित्येक दिवस चालू शकतं. ते लिनक्सऐवजी विंडोज पीई या छोट्या विंडोजवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून करायचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या: विंडोज पीई सलग ७२ तास चाललं की स्वतःहून रीस्टार्ट होतं. ही त्याची ठरवून ठेवलेली मर्यादा आहे.

डिस्क ठणठणीत आहे, तरी विंडोज चालू असताना इमेज घेता येत नाही, असंही होतं. चालू यंत्रावरच्या फाइली सतत बदलत असतात, म्हणून विंडोज त्यांचा एक क्षण गोठवून सॉफ्टवेअरला देतं. या सेवेचं नाव व्हॉल्यूम शॅडो कॉपी, म्हणजे व्हीएसएस. मॅक्रियम, ॲक्रॉनिस, व्हीम आणि विंडोजचं स्वतःचं बॅकअप ही सगळी मंडळी तिच्यावरच अवलंबून असतात. म्हणून एकाने एरर दिला म्हणून दुसरं सॉफ्टवेअर टाकलं तर तिथेही बहुधा तोच एरर येतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि व्हीएसएस-ॲडमिन या आज्ञेने ‘रायटर्स’ची यादी मागवा. प्रत्येकापुढे ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ दिसायला हवं. एखादा ‘फेल्ड’ दाखवत असेल तर यंत्र रीस्टार्ट करून पुन्हा बघा. एकाच वेळी दोन बॅकअप सॉफ्टवेअर बसवलेली असतील तर एक काढून टाका.

विंडोजच्या सिस्टीम इमेजमध्ये शेवटी ८०७८०११९ असा आकडा असलेला एरर फार जणांना छळतो. संदेशात ‘जागा कमी’ असं म्हटलेलं असतं. बघावं तर सी ड्राइव्हमध्ये शंभर जीबी मोकळे असतात. कमी असते ती सिस्टीम रिझर्व्ह्ड किंवा रिकव्हरी या लपलेल्या पार्टिशनमधली जागा. तिथला हिशेब असा: पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर त्यात किमान ५० एमबी मोकळे हवेत, ५०० एमबीच्या वर असेल तर ३२० एमबी, आणि १ जीबीच्या वर असेल तर १ जीबी. म्हणजे ५०० ची सीमा जेमतेम ओलांडलेलं पार्टिशन सगळ्यात अडचणीचं. ते किंचित लहान करून सीमेच्या आत आणलं की ५० एमबीत भागतं. ऐकायला उफराटं वाटतं, पण उपाय लागू पडतो.

एरवीही विंडोजच्या या जुन्या सोयीवर फार विसंबू नका. कंट्रोल पॅनलमध्ये तिच्या नावापुढे आजही ‘विंडोज ७’ लिहिलेलं असतं आणि मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ती मोडीत काढण्याच्या यादीत घातली. मात्र तिने घेतलेल्या जुन्या इमेज तुमच्याकडे पडून असतील तर त्या वाया गेल्या असं समजू नका. विंडोजइमेजबॅकअप या फोल्डरमध्ये विंडोज ७ च्या काळातल्या व्हीएचडी आणि नंतरच्या काळातल्या व्हीएचडीएक्स फाइली असतात. पूर्ण रिस्टोअर नाकारला गेला तरी डिस्क मॅनेजमेंटमधून ती फाइल ‘अटॅच’ करा. ती साध्या ड्राइव्हसारखी उघडते आणि आतल्या फाइली कॉपी करून घेता येतात. अटॅच करताना ‘रीड-ओन्ली’ची खूण करा.

लिहिताना अडलं तर

इमेज बरोबर ४ जीबीपाशी येऊन थांबत असेल तर विचार करायला नको. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये आहे. या फाइल सिस्टीममध्ये एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी होऊच शकत नाही. क्लोनझिला इमेजचे तुकडे पाडून ही अडचण टाळू शकतं आणि इतर काही सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय असते. पण तुकड्यांतला एक हरवला की बाकीचे निरुपयोगी होतात. त्यापेक्षा डिस्क रिकामी करून नीट फॉरमॅट मारा.

कोणता फॉरमॅट? फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. विंडोजच्या सिस्टीम इमेजला तर एनटीएफएसच लागतं. फक्त लिनक्स असेल तर ईएक्सटी४. एक्सफॅट सगळीकडे चालतं म्हणून दुकानदार तेच सुचवतात, आणि लिनक्स कर्नलमध्येही ५.४ पासून त्याची सोय आहे. पण एक्सफॅटला जर्नल नाही. लिहिण्याचं काम चालू असताना केबल निघाली किंवा लाइट गेली तर एनटीएफएस आणि ईएक्सटी४ स्वतःला बरंच सावरून घेतात. एक्सफॅटकडे ती सोय नाही. शंभर जीबीची एकच फाइल लिहायची आहे आणि यूपीएस दोन वर्षांपूर्वीच बसलाय, अशा ठिकाणी एक्सफॅट वापरणं मला पटत नाही.

वेगाबद्दल थोडंसं. यूएसबी २ च्या पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच जातात, म्हणजे ५०० जीबीला चार तासांच्या वर. यंत्र अडकलंय असं समजून बंद करण्याआधी केबल कोणत्या पोर्टला लावली आहे ते बघा.

इमेज आहे, पण सॉफ्टवेअरला ती कळत नाही

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण इमेज घेताना याची काहीच चाहूल लागत नाही. मुद्दा असा: नवी आवृत्ती साधारणपणे जुनी इमेज वाचते. जुनी आवृत्ती नवी इमेज वाचत नाही. आणि आपत्तीच्या दिवशी आपल्या हातात नेमका जुन्या आवृत्तीचा रेस्क्यू पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून यंत्र चालू करून इमेज परत टाकायची तो, असतो.

ॲक्रॉनिस ट्रू इमेजचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं तिच्या फाइलींचा शेवट टीआयबीने होत असे. २०२० च्या आवृत्तीत डिस्कच्या बॅकअपसाठी टीआयबीएक्स हा नवा प्रकार आला. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण आतली रचना पूर्ण वेगळी. २०१८ मध्ये बनवलेला रेस्क्यू पेनड्राइव्ह टीआयबीएक्सला हात लावू शकत नाही. त्यात २०२१ मध्ये सॉफ्टवेअरचं नाव बदलून सायबर प्रोटेक्ट होम ऑफिस झालं आणि पुढे पुन्हा ट्रू इमेजवर आलं, त्यामुळे आपल्याकडे नेमकं काय आहे हेच कित्येकांना सांगता येत नाही. नाव सोडा आणि ‘अबाउट’मध्ये जाऊन बिल्ड क्रमांक लिहून घ्या.

मॅक्रियम रिफ्लेक्टच्या बाबतीत गाठ वेगळी आहे. तिची मोफत आवृत्ती अनेकांनी वर्षानुवर्षं वापरली. आता ती बंद झाली आहे आणि आठवी आवृत्ती ही तिची शेवटची. त्यानंतर आलेल्या रिफ्लेक्ट एक्सने एमआरआयएमजीच्या जागी एमआरआयएमजीएक्स हा नवा फाइलप्रकार आणला. नवं सॉफ्टवेअर घेतलं की त्याच दिवशी रेस्क्यू पेनड्राइव्हही नव्याने बनवा. मोफत आवृत्तीवरच असाल तर तुमचं चालू असलेलं काम थांबणार नाही, पण तिचा इन्स्टॉलर आणि रेस्क्यूची आयएसओ फाइल आत्ताच जपून ठेवा. बंद झालेलं सॉफ्टवेअर पुढे अनोळखी साइटवरून उतरवायची वेळ आली तर त्यासोबत काय येईल याची खात्री नसते.

जुन्या कपाटातून निघणाऱ्या डीव्हीडींवर हमखास सापडतं ते नॉर्टन घोस्ट. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये सिमँटेकने घेतलं आणि २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली. पण ‘घोस्टची इमेज’ म्हणजे नेमकी कोणती? घोस्ट २००३ पर्यंतच्या फाइली जीएचओ प्रकारच्या. पुढे सिमँटेकने पॉवरक्वेस्ट ही कंपनी घेतली आणि नवव्या आवृत्तीपासून तिच्याच तंत्रावरचं वेगळं सॉफ्टवेअर घोस्टच्या नावाने विकलं. त्याच्या फाइली व्ही२आय प्रकारच्या. दोघांचं एकमेकांशी नातं फक्त नावापुरतं. म्हणून डीव्हीडीवर मार्करने लिहिलेल्या ‘घोस्ट’ या शब्दावर जाऊ नका. फाइलीचा शेवट बघा आणि मग त्या जातीचं सॉफ्टवेअर शोधा. असा जुना माल हाती लागला तर तो आजच उघडून आतल्या फाइली बाहेर काढा. दरवर्षी ते अवघड होत जाणार आहे.

मोफत आणि खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास कमी होतो, पण संपत नाही. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रातल्या गटाने बनवलेलं क्लोनझिला आतून पार्टक्लोन वापरतं. पार्टक्लोनच्या ०.३ मालिकेपासून इमेजची रचना बदलली, ती ०.२ ला कळत नाही. नव्या क्लोनझिलात दाबण्याची पद्धतही वेगळी आहे; झेडस्टँडर्डने दाबलेली इमेज फार जुन्या सीडीवरून सुटत नाही. क्लोनझिलाची मोठी सोय म्हणजे जुन्या आवृत्त्याही उतरवून घेता येतात आणि नवी आवृत्ती जुन्या इमेज घेते. आज्ञांची भीती वाटत असेल तर रेस्क्यूझिला बघा. तिला क्लोनझिलाच्या इमेज समजतात, माउसने काम होतं आणि इमेज उघडून आतल्या फाइली पाहता येतात.

या सगळ्यातून शिकून मी एक नियम पाळतो. इमेज ज्या डिस्कवर, तिथेच शेजारच्या फोल्डरमध्ये त्या सॉफ्टवेअरची बूट होणारी आयएसओ फाइल आणि एक साधी टेक्स्ट फाइल ठेवायची. टेक्स्ट फाइलमध्ये यंत्राचं मॉडेल, तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती, डिस्कचा आकार आणि बूटची पद्धत यूईएफआय की लेगसी हे लिहायचं. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी कदाचित तुम्ही गावाला असाल आणि हे काम दुसऱ्या कुणाला करावं लागेल.

फाइल सिस्टीमचे हट्ट

क्लोनझिलात विंडोजचं पार्टिशन घेताना ‘एनटीएफएस डर्टी’ किंवा ‘हायबरनेट झालेलं आहे’ असा संदेश येतो. हा दोष नव्हे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तिच्यामुळे ‘शटडाउन’ केलं तरी यंत्र पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर लिहिला जातो. अर्धवट झोपलेल्या पार्टिशनला हात लावायला लिनक्स नकार देतं, आणि ते योग्यच करतं. ‘शटडाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडा आणि तिथूनच पेनड्राइव्हवर बूट करा, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. कायमचा उपाय म्हणजे पॉवरसीएफजी या आज्ञेने हायबरनेशनच बंद करणं. त्यानंतरही ‘डर्टी’ येत असेल तर, डिस्कची तब्येत ठीक आहे हे बघून, चेकडिस्क चालवा.

विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनकडे विशेष लक्ष द्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या यंत्राची पहिली मांडणी मायक्रोसॉफ्ट खात्याने केली की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. अशा डिस्कची इमेज बाहेरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून घेतली तर सॉफ्टवेअरला आतलं काही कळत नाही. मग ते मोकळ्या जागेसकट सगळी डिस्क उचलतं आणि ८० जीबीच्या डेटाची इमेज ५०० जीबीची होते. विंडोज चालू असताना आतून घेतली तर आकार आटोपशीर राहतो, पण ती इमेज एन्क्रिप्ट केलेली नसते. बाहेरची डिस्क ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं उघडं, म्हणून इमेजला पासवर्ड द्या. दोन्ही प्रकारांत ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर एन्क्रिप्ट केलेली डिस्क किंवा इमेज उघडायला कुठलंही सॉफ्टवेअर किंवा कुठलाही कारागीर मदत करू शकणार नाही.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं वेगळं. जुन्या रेस्क्यू सीडीवर ईएक्सटी४ तपासताना ‘फीचर सी१२’ असा अगम्य शब्द येऊन काम थांबलं तर घाबरू नका. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ई२एफएसप्रॉग्जच्या १.४७ आवृत्तीने नवी पार्टिशन बनवताना दोन नव्या गोष्टी आपोआप चालू केल्या. त्यांतली एक जुन्या साधनाला ओळखता येत नाही, एवढंच. डेटा शाबूत असतो. नवी रेस्क्यू आयएसओ घ्या. जुनं पार्टइमेज तर ईएक्सटी४ साठी बनलेलंच नाही.

एक्सएफएस आणि बीटीआरएफएसमध्ये धोका क्लोननंतर येतो. क्लोन केलेल्या पार्टिशनची यूयूआयडी ही ओळखही जशीच्या तशी उतरते. एकाच गट नंबरचे दोन सातबारे निघावेत तसा प्रकार होतो. एक्सएफएस दुसरं पार्टिशन माउंट करायला सरळ नकार देतं. बीटीआरएफएसमध्ये मात्र दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असताना माउंट केलं तर डेटा खराब होऊ शकतो. क्लोन झाल्यावर यंत्र बंद करा आणि एक डिस्क काढा. शिवाय एक्सएफएस लहान करता येत नाही, म्हणून मोठ्या डिस्कवरून छोट्या एसएसडीवर जायचं तर फाइली कॉपी करण्यावाचून मार्ग नाही.

मॅक वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: बिग सरपासून, म्हणजे २०२० पासून, टाइम मशीन नव्या डिस्कवर एपीएफएस वापरतं आणि सिस्टीमचा भाग सीलबंद असतो. बूट होणाऱ्या क्लोनच्या मागे लागण्यापेक्षा टाइम मशीन आणि नव्याने टाकलेलं मॅकओएस हीच वाट सरळ आहे.

डिस्क दिसत नाही, दिसली तरी बूट होत नाही

रेस्क्यू पेनड्राइव्हवरून बूट झालं, पण लॅपटॉपची एनव्हीएमई डिस्क यादीतच नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर याचं कारण बायॉसमधलं व्हीएमडी हे सेटिंग असतं. त्याआधीच्या काही यंत्रांवर रेड किंवा आरएसटी हा मोड. डिस्क मेलेली नसते, पेनड्राइव्हवर तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घेऊन तो रेस्क्यू मीडियात घाला. बायॉसमध्ये जाऊन थेट एएचसीआय करण्याचा मोह टाळा, नाहीतर बसवलेलं विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळं पडेल. मोड बदलायचाच असेल तर आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ मोड लावा, मग बायॉस बदला, एकदा सेफ मोडमध्ये चढू द्या आणि नंतर सेफ मोड काढा. विंडोज ७ च्या काळातल्या रेस्क्यू सीडीला तर यूएसबी ३ आणि एनव्हीएमई दोन्ही मुळात ठाऊक नाहीत.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून आणि एकदा नुसता. मूळ यंत्र ज्या पद्धतीने बूट होत होतं तीच निवडा. चुकीची निवडली तर रिस्टोअर शंभर टक्के पूर्ण होतो आणि यंत्र तरीही चढत नाही. यूईएफआयवाल्या यंत्रात असं झालं तर डेटा पुन्हा टाकत बसू नका. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ईएफआय पार्टिशनला अक्षर द्या आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फाइली नव्याने लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. ‘विंडोज नव्याने टाकावं लागेल’ असं सांगून दिवसभर यंत्र ठेवून घेणारे भेटतात. त्यांना आधी हे करून बघायला सांगा.

एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची इमेज ४ टीबीच्या डिस्कवर टाकली की २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीपासून सोबत येणारं एमबीआर-टू-जीपीटी साधन डिस्कचं जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर करतं. आधी इमेज, मग रूपांतर.

‘टार्गेट डिस्क लहान आहे’ हा संदेश बाइटांच्या हिशेबाने येतो. ५०० जीबी म्हणून विकलेल्या डिस्कवर ५००,१०७,८६२,०१६ बाइट असतात आणि ४८० जीबीच्या एसएसडीवर ४८०,१०३,९८१,०५६. आत साठच जीबी भरलेले असले तरी क्लोनझिला अडवतं, कारण पार्टिशनची सीमा पलीकडे असते. इमेज घेण्याआधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह लहान करून घ्या. इमेज घेऊन झाली असेल आणि मूळ डिस्क गेली असेल तर ती एखाद्या मोठ्या डिस्कवर टाका, तिथे पार्टिशन लहान करा आणि मग नव्या एसएसडीवर न्या. लांबचा रस्ता आहे, पण सुरक्षित. अशा वेळी ‘सेक्टर-बाय-सेक्टर घ्या, म्हणजे प्रश्नच नको’ असं सांगणारे असतात. त्याने ही अडचण तर सुटत नाहीच, वर वेळ आणि जागा कितीतरी जास्त लागते. तो पर्याय एन्क्रिप्ट केलेल्या किंवा अनोळखी फाइल सिस्टीमसाठी राखून ठेवा.

आणखी एक खोडा सेक्टरच्या मापाचा. बहुतेक डिस्क बाहेरच्या जगाला ५१२ बाइटचे सेक्टर दाखवतात, काही ४०९६ चे. पार्टिशनचा तक्ता सेक्टर मोजून लिहिलेला असतो, त्यामुळे एकीची इमेज दुसरीवर नीट बसत नाही. काही यूएसबी डब्यांची चिप मोठ्या डिस्कचं माप बदलून दाखवते. अशी डिस्क डब्यातून काढून थेट साटाला लावली की रिकामी वाटते. फॉरमॅट मारू नका, पुन्हा त्याच डब्यात घाला.

शेवटी पडताळणी. इमेज तयार झाली की ‘व्हेरिफाय’ चालवाच. क्लोनझिलात रिस्टोअर होईल की नाही हे तपासण्याचा वेगळा पर्याय आहे. व्हेरिफाय कधी पास, कधी नापास असं होत असेल तर डिस्कवर संशय घेण्याआधी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवून रॅम तपासा. खराब रॅममधून जाणारा प्रत्येक बाइट संशयास्पद असतो, आणि दाबलेल्या इमेजमध्ये एक बिट पालटला तरी पुढचा सगळा ठोकळा वाचता येत नाही.

व्हेरिफाय पास झालं म्हणजे इमेज शाबूत आहे एवढंच कळतं. ती तुमच्या यंत्रावर उतरेल की नाही, हे नाही. त्यासाठी जुनी, कमी उपयोगाची एखादी डिस्क लावून एकदा खरोखर रिस्टोअर करून बघा. तेवढं जमणार नसेल तर निदान येत्या रविवारी रेस्क्यू पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करा, आतली डिस्क दिसते का ते बघा, बाहेरच्या डिस्कवरची इमेज उघडते का ते बघा आणि एक फाइल बाहेर काढून घ्या. अर्धा तास लागेल. त्यात काही अडलं तर दुरुस्त करायला मूळ डिस्क अजून जिवंत आहे.